लिंबाच्या खरवडीचे वार

चैत्र लागला की आमच्या फ्रीजरमधल्या मटारांवर, नारळाच्या चवावर आणि मी जपून ठेवलेल्या पुरणाच्या गोळ्यावर संक्रांत येते. वरचा कप्पा रिकामा करून द्यायचा, असा आमच्या ह्यांचा हुकूम असतो. एरवी घरात माझ्यापुढे हुकूम सोडायची पद्धत नाही, पण या एका बाबतीत मी मुकाट्याने ऐकते. यंदाही ऐकलं. काल बाजारातून पातळ सालीची कागदी लिंबं आणली. हे ओट्यापाशी उभे राहिले आणि तळहाताखाली एकेक लिंबू गोल गोल फिरवत राहिले. आधी असं मऊ करून घेतलं की रस सुटतो. सालीचा तो उग्र, ताजा वास हॉलपर्यंत आला आणि मला उन्हाळा आल्याची खात्री पटली. कॅलेंडरवर माझा तेवढा विश्वास नाही.

आमच्याकडे या पदार्थाला लिंबाची खरवड म्हणतात. दुधाच्या पातेल्याच्या तळाशी लागलेली खरवड सगळ्यांना ठाऊक असते, तिच्यावरून घरोघरी भावंडांची भांडणं झालेली असतात. ही तिची गार बहीण. लिंबाचं सरबत नेहमीपेक्षा जरा आंबट करायचं, पसरट स्टीलच्या डब्यात ओतायचं आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं. कडा धरू लागल्या की काट्याने खरवडायचं, परत ठेवायचं, परत खरवडायचं. मध्येच विसरलात तर डब्यात लादी तयार होते आणि ती फोडायला बत्ता घ्यावा लागतो. नीट लक्ष ठेवलं तर मात्र भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे कण सुटतात. जिभेवर ठेवले की आधी गार, मग आंबट, मग गोड, आणि सगळ्यात शेवटी सालीचा जरासा कडवटपणा. हातगाडीवरच्या गोळ्यासारखा हिला लाल-हिरवा रंग नसतो. त्यामुळे नवीन माणूस आधी वाटीकडे जरा संशयानेच बघतो, आणि मग दुसऱ्यांदा वाटी पुढे करतो.

पनवेलचा उन्हाळा विदर्भासारखा भाजून काढत नाही, तो उकडतो. खाडीवरून येणारी दमट हवा, वर उलव्याकडच्या बांधकामांची धूळ. अंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत पुन्हा अंघोळीची पाळी येते. आमच्या ह्यांनी सगळी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात काढली, एका व्यापाऱ्याच्या कचेरीत. वर पत्रा, बाजूला तापलेल्या सळ्या आणि दारात उभे ट्रक. तिथे हे मोठ्या तोंडाच्या थर्मासातून खरवड घेऊन जायचे आणि ड्रायव्हर-हमालांना वाटायचे. निवृत्त झाल्यावर हमाल गेले, आमची इमारत सापडली. उन्हं कलली की एका हातात डबा, दुसऱ्या हातात चमचा घेऊन हे जिने चढायचे. प्रत्येक दाराशी थांबायचे. लोक वाट्या घेऊन तयारच असायचे. सगळे ह्यांना भाऊ म्हणतात. लहान पोरंही भाऊच म्हणतात, त्याचं कारण ही खरवड असावी असा माझा अंदाज आहे.

देण्याची इतकी हौस असलेला माणूस घेण्याच्या बाबतीत मात्र महा चिकट होता. म्हणजे स्वतःकडे काही यायलाच देत नसे. शेजारून कुणी भाजीची वाटी दिली की हे अस्वस्थ. रिकामी वाटी परत पाठवू नये ही रीत आपल्या सगळ्यांचीच, पण दुसऱ्याची वाटी आमच्या घरात रात्रभर राहिली तर ह्यांना झोप लागत नसे. वाढदिवसाला मुलीने शर्ट आणला तर हे तिला साडी घ्यायला निघत. सुरुवातीला मला हा स्वाभिमान वाटायचा आणि मी माहेरी त्याचं कौतुकही सांगायची. पुढे पुढे त्याचा कंटाळा यायला लागला. ज्याला काहीच देता येत नाही अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं.

आणि मग काही वर्षांपूर्वी ह्यांच्या दोन्ही किडन्यांनी एकदमच राजीनामा दिला.

दिवसाआड खारघरला डायलिसिसला जायचं, यंत्राला हात जोडून (अक्षरशः, एक हात यंत्राला जोडलेला) पडून राहायचं आणि परत यायचं. ते आम्ही शिकलो. पथ्याचं खाणं शिकलो. शिकायला जमत नव्हतं ते एकच, तहान. अंगातलं पाणी बाहेर टाकायची सोय राहिली नाही, तर आत घ्यायचंही मोजून. दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत भरायचं, चहा आणि आमटी त्यातूनच वजा, आणि उरेल ते रात्रीपर्यंत पुरवायचं. बर्फही पाणीच, तोही हिशोबात. हे चूळ भरून टाकायचे, लवंग चघळायचे, ओला रुमाल ओठांवर ठेवायचे. मी फ्रीजच्या दाराआड तोंड घालून पाणी प्यायची. घोट गिळल्याचा आवाजसुद्धा होऊ नये म्हणून धडपडायची, आणि बाहेरून ह्यांचा आवाज यायचा की पी ग बाई नीट, ठसका लागेल. ठसका लागायचाच.

त्या उन्हाळ्यात फ्रीजरचा वरचा कप्पा मटारांकडेच राहिला. हे म्हणाले, मला करवणार नाही. मीही आग्रह केला नाही.

यंत्र ह्यांना मानवत नव्हतं. मध्येच रक्तदाब खाली जायचा, अंगाला पेटके यायचे. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की यांना डायलिसिसवर फार काळ काढता येईल असं वाटत नाही, घरातून कुणाची किडनी मिळत असेल तर विचार करा. मी तिथेच म्हटलं की माझी घ्या. घरी आल्यावर, चपला काढता काढता हे म्हणाले,

"मी कुणाचं काही घेत नाही, तुला माहीत आहे."

"मी कुणी आहे का?"

"तुझं तर मुळीच नाही."

मी रागावले, रडले, अबोला धरला. मुलगी खारघरहून आली, तिने समजावलं. ती स्वतःची द्यायला निघाली, तेव्हा तर हे असे चिडले की जेवायचे थांबले. मरण समोर दिसत असताना माणूस असा हटून बसतो, याला काय म्हणायचं? एवढा अहंकार कुठून येतो, असं माझ्या मनात यायचं आणि माझीच मला भीती वाटायची. कारण राग खरा होता, आणि हे गेले तर तो घेऊन मी कुठे जाणार होते?

इमारतीत ह्यांनी काहीच कळू दिलं नव्हतं. खारघरला फिजिओथेरपीला जातो, असं सांगून ठेवलं होतं. डायलिसिसच्या सुया टोचून हाताची फुगलेली शीर दिसू नये म्हणून त्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. दुखणं सांगितलं की सहानुभूती येते, आणि सहानुभूतीची वाटी भरून परत कशी पाठवणार?

होळी झाली आणि सोसायटीची सत्यनारायणाची पूजा ठरली. साथीच्या दिवसांत बंद पडली होती, परत पहिल्यांदाच होणार होती, म्हणून सगळ्यांना उत्साह. आमच्याकडे या पूजेचं आमंत्रण फोनवर देत नाहीत, दारोदार जाऊन अक्षता देतात, आणि ते काम वर्षानुवर्षं ह्यांचं. मी जाऊ नका म्हटलं. अक्षता तर द्यायच्यात, डोंगर चढायचा नाही, असं म्हणून हे निघाले.

आता आपल्याकडे उन्हातून कुणी दारात आलं की पहिलं काय होतं? पाणी येतं. विचारत नाहीत, आणतात. आणि आलेलं पाणी नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. एखादा दुसरा माणूस कारण सांगून सुटला असता. पण कारण सांगितलं तर आजार उघड होणार. म्हणून हे प्रत्येक घरी एक घोट घेत गेले. कुठे माठातलं वाळ्याचं पाणी, कुठे ताक, कुठे कोकम. दुसऱ्या मजल्यावरच्या मुमताजभाभींनी तर भाऊ किती दिवसांनी आले म्हणून सब्जा घातलेलं सरबत केलं आणि ते संपेपर्यंत उठू दिलं नाही. एकेक घोट. पण पूर्ण इमारतीचे घोट.

दिवेलागणीला ह्यांना धाप लागली. आडवं होता येईना. छातीत पाणी साठलं होतं. दाराबाहेर अक्षतांची वाटी तशीच पडलेली, आणि चार लोक ह्यांना खुर्चीवर बसवून जिना उतरवताहेत, हे मला अजून दिसतं. खुर्चीचा एक पाय मुमताजभाभींच्या नवऱ्याच्या हातात होता. रिक्षात बसताना मी सगळं सांगून टाकलं. मला त्या वेळी कुणाच्या स्वाभिमानाची फिकीर नव्हती.

यंत्राने पाणी काढलं, हे वाचले. घरी आले. आणि मग जे झालं त्याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. लोकांनी ह्यांना घरात बोलावणं बंद केलं. वाईट मनाने नाही हो. त्यांना कळेचना की ज्या माणसाला पाणी द्यायचं नाही त्याला दारातून आत कसं घ्यायचं? हे जिन्यात भेटले की लोक तब्येत विचारायचे, दोन्ही हात एकमेकांत अडकवून उभे राहायचे आणि काहीतरी काम आठवून निघून जायचे. रिकाम्या हाताने पाहुण्याला बसवायची आपल्याला सवयच नाही. आम्हाला तहानेने छळलं होतं, पण ह्यांना मोडलं ते या बंद झालेल्या दारांनी. हे खिडकीशी बसून राहायला लागले. डायलिसिसला न्यायला रिक्षा आली की म्हणायचे, आज नको जाऊ या.

आज लिहायला बसले तर हे मागे उभे आहेत आणि काटा मागताहेत. कडा धरल्यात म्हणे. मी लिहितेय ते वाचायचं नाही अशी अट आहे, ती पाळल्यासारखं करतात. बाहेर ऊन असं आहे की समोरच्या गच्चीवरच्या कावळ्याने चोच उघडी ठेवली आहे. मला आता तहानलेलं काहीही दिसलं की काळजात हलतं. ती एक सवय त्या उन्हाळ्याने मला लावली.

तर मुमताजभाभी. त्यांच्या मनाला फार लागलं होतं. मी आदबीने दिलं, भाऊंच्या जिवावर बेतलं, असं म्हणून माझ्या स्वयंपाकघरात बसून त्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. दिवसाचं पाणी किती, त्यातलं किती बाजूला ठेवता येईल, लिंबू चालतं का, साखर चालते का, मीठ का नाही. मिठाने तहान वाढते हे मी सांगितलं. त्या वर गेल्या, आणि दोन दिवसांनी परत आल्या त्या सगळी व्यवस्था लावूनच. ह्यांनी रोज संध्याकाळी एका घरी जायचं. त्या घरात त्या दिवशी लिंबाची खरवड केलेली असेल, नैवेद्याच्या वाटीएवढीच, बिनमिठाची. ती सावकाश चमच्याच्या टोकाने खायची. तेवढं पाणी मी सकाळी बाटलीत कमी भरायचं. बाकीच्या कुठल्याही घरी भाऊ कधीही गेले तरी त्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही, नुसतं बसवून गप्पा मारायच्या. सात दिवसांची सात घरं ठरली होती.

मी आनंदाने हे ह्यांना सांगायला गेले. ऐकता ऐकता ह्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे मला परत वार लावलेत," हे म्हणाले.

मला एवढंच माहीत होतं की हे शाळेसाठी खेड्यातून पनवेलला आले आणि कुठेतरी राहिले. वार लावून जेवले, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला सांगितलं नव्हतं. आताच्या मुलांना ही पद्धत ठाऊक नसेल. गावात शिकायला आलेल्या गरीब पोराला सात घरं सात वार वाटून घेत. सोमवारी याच्याकडे, मंगळवारी त्याच्याकडे. पोराचं पोट भरे, घराला पुण्य लागे. पण वळचणीला उभं राहून, आत बोलावतील तेव्हा जायचं, त्या घरच्या मुलाच्याच वर्गात बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर काल आमच्याकडे किती पोळ्या खाल्ल्यास म्हणून विचारायचं. हे सगळं ह्यांनी त्या दिवशी भिंतीकडे बघून सांगितलं. त्यातल्या गुरुवारच्या घरचं सगळ्यात जास्त बोचलेलं होतं. तिथल्या बाई ह्यांना एकट्याला पान वाढायच्या आणि स्वतः कधी शेजारी बसायच्या नाहीत. आपल्या पंगतीला बसायचीसुद्धा आपली लायकी नाही, असं वार लावून जेवणाऱ्या त्या मुलाने मनाशी धरलं, आणि पुढे कमावता झाल्यावर ठरवलं की आता मरेपर्यंत कुणाचा घास घ्यायचा नाही.

माझा सगळा राग त्या दिवशी उतरला. तो मुलगा मला दिसला. पण त्याने प्रश्न सुटत नव्हता. हे काही उठायला तयार नव्हते.

उठवलं ते हिराबाईने. हिराबाई उरणकडून मासे घेऊन येते, बुधवारी आमच्या दारात पाटी उतरवते आणि उन्हाळ्यात खरवड खाल्ल्याशिवाय पाटी उचलत नाही. तिला इमारतीत कुणीतरी सगळं सांगितलं असणार. मासे तसेच झाकून ती सरळ आत आली आणि ह्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"भाऊ, इतकी वर्सं तुमी सगल्यांच्या दारान जाऊन गार केलंव. आमी कवा नको बोललो? मी त मेली दोन-दोन वाट्या खाल्ल्या. मंग मी हलकी झाली काय?"

हे म्हणाले, तसं नाही हिराबाई.

"तसंच हाय. आमी घेतलं त चालतं, तुमी घेतलं त तुमचं नाक जातं. म्हंजी आमाला नाक नाय, असंच बोलताव ना तुमी?"

मला तर इतक्या वर्षांच्या संसारात एवढं नेमकं बोलता आलं नव्हतं. हिराबाई गेली, जाताना मला बोंबील जरा जास्तच घालून गेली. संध्याकाळी हे उठले, शर्ट बदलला आणि बुधवारच्या घरी गेले. या वेळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता.

तेव्हापासून आमच्या इमारतीला एक नवा वास आला. जिन्यात रोज कुठल्या ना कुठल्या मजल्यावर लिंबाची सालं पडलेली असायची. एका घरी लादी व्हायची, दुसऱ्या घरी नुसतंच गार पाणी. कुणी किसणीवर किसायचं, कुणी मिक्सरमधून काढायचं, आणि हे तज्ज्ञासारखे दोष काढायचे. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने हौसेने पुदिना घातला तेव्हा हे घरी येऊन म्हणाले की चटणी खाऊन आलो. पण खायचे. एवढीशी वाटी अर्धा तास पुरवायचे. कण जिभेवर ठेवून तो आपोआप विरघळेपर्यंत थांबायचे, आणि तेवढ्या वेळात समोरचं माणूस आपली सुखदुःखं सांगून मोकळं व्हायचं. पूर्वी हे दारातून डबा रिकामा करत पुढे जायचे. आता घराघरांत बसायला लागले. वर्षानुवर्षं ज्यांना खरवड वाटली त्यांच्या घरात काय चाललंय, हे ह्यांना त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कळलं. दुसऱ्याकडून घेण्यासाठी थोडा वेळ बसावं लागतं, हे माझ्याही पहिल्यांदाच लक्षात आलं.

किडनीचं मात्र मी काढत नव्हते. भीतीच वाटायची. एक दार उघडलं होतं, दुसरं ढकलायला गेले तर पहिलंही बंद व्हायचं.

त्या वर्षी रमजान ऐन चैत्रात आला. मंगळवार मुमताजभाभींचा. मी ह्यांना आठवण करून दिली की आता त्यांचे रोजे आहेत, महिनाभर त्यांच्याकडे नका जाऊ. ह्यांनाही ते पटलं. म्हणून मंगळवारी हे घरीच बसले, तर भाभींनी धाकट्या नातीला पाठवलं की भाऊ का आले नाहीत. हे संकोचाने वर गेले, आणि परत आले तेव्हा उंबऱ्यातच थांबले. मी विचारलं, काय झालं? हे आत येऊन खाटेवर बसले आणि सांगू लागले.

भाभींनी फ्रीजरमधून डबा काढला. समोर बसून काट्याने खरवडलं. पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही, ओठ कोरडे पडलेले. बर्फाचा कण उडून बोटावर पडला तर तो त्यांनी पदराला पुसला. ह्यांनी अवघडून विचारलं, भाभी, तुम्ही नाही घेत?

"रोजा आहे ना, भाऊ. पण आज तुमचा वार आहे, त्यात कसूर कशी होऊ देईन?"

एवढं सांगून हे थांबले. मग म्हणाले, "गुरुवारी त्या बाईंचा उपास असायचा ग. त्यांच्याकडे दत्ताचा फोटो होता, गुरुवारचा हार असायचा. मला दर वेळी दिसायचा तो हार, आणि मी काय समजत होतो. स्वतः उपाशी राहून माझ्या एकट्यासाठी चूल पेटवायची ती बाई. माझ्यासाठी पोळ्या करायची."

ह्यांना मी रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या बाई जाऊन किती वर्षं झाली असतील. त्यांचं नाव घेऊन ह्यांनी हात जोडले. मी शेजारी बसून राहिले. तिन्हीसांज झाली होती, वर भाभींकडे इफ्तारची लगबग सुरू झाली होती, भांड्यांचा आवाज खाली येत होता. तो ऐकत हे म्हणाले, "आता त्या पाणी पितील." आणि मग, जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुझ्या तपासण्यांना कधी जायचं?"

मी दिवा लावायला उठले.

लग्नाच्या वेळी आमच्या पत्रिकेत जेमतेम अठरा गुण जुळले होते आणि माझ्या मामाने नाक मुरडलं होतं. डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बघून उत्तम जुळतंय म्हणून सांगितलं. मी ह्यांना म्हटलं, बघा, छत्तीसातले उरलेले अठरा इथे होते. हे हसले. पुढे कागद, परवानग्या, तपासण्या, पुन्हा तपासण्या, यात पावसाळा गेला, दिवाळी गेली. वार चालूच होते. थंडीत लोकांनी विचारलं की आता गार नको, काही दुसरं करू का, तर हे म्हणाले की नको, मला खरवडच द्या. मागून घ्यायला शिकले होते. मुमताजभाभींचं आणि हिराबाईचं, त्या सातही घरांचं, आणि ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्या गुरुवारच्या बाईंचं माझ्यावर जे आहे ते फिटायचं नाही. पूर्वी या विचाराने मीही अस्वस्थ झाले असते. आता वाटतं, न फिटो. काही गोष्टी अंगावर राहिलेल्याच बऱ्या.

मार्गशीर्षात ऑपरेशन झालं. आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत होतो. काही दिवसांनी मला उठून चालायची परवानगी मिळाली, तशी मी मास्क लावून, कुशीवर हात दाबून, भिंत धरत धरत ह्यांच्या खोलीपर्यंत गेले. आतून नर्सचा आवाज येत होता. ती ह्यांना रागावत होती. कारण ऐकून मला हसू आलं आणि टाके दुखले. हे पाणी पुरेसं पीत नव्हते. नव्या किडनीला पाणी लागतं, भरपूर प्या, असं रोज सांगूनही हे जुन्या सवयीने एकेक घोट तोंडात घोळवत बसायचे, आणि ग्लास तसाच भरलेला राहायचा. आता तुम्हीच बघा, असं म्हणून नर्सने पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला.

मी ग्लास काठोकाठ भरून ह्यांच्या हातात दिला. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे, मी कुशीवर धरलेल्या हाताकडे. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, आभार मानतील, किंवा मला कशाला एवढं म्हणून ग्लास खाली ठेवतील. तसं काही झालं नाही. ह्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि न थांबता प्यायला लागले. गळ्याची गाठ वर-खाली होताना दिसत होती, पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं, आणि हे थांबत नव्हते. ग्लास रिकामा झाला. हे दम घ्यायला थांबले, मनगटाने तोंड पुसलं आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

"अजून दे," म्हणाले.